बिऱ्हाड उघड्यावर का येतं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

बेघरपणाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत. निवारागृहात काम करणारे कार्यकर्ते आणि घरांचे दावे चालवणारे वकील यांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : कामावर जाता-येता उड्डाणपुलाखाली तीच ती माणसं दिसतात. हातपाय धड आहेत, शहरात कामाला तोटा नाही. मग घर का नाही? दारू आणि आळस हीच खरी कारणं असावीत असं वाटतं. चुकत असेल तर सांगा. (कोथरूड, पुणे)

उत्तर : पुलाखाली सकाळी सात वाजता जाऊन बघा. पथाऱ्या गुंडाळलेल्या असतात, बोचकी खांबामागे किंवा चहाच्या टपरीवाल्याकडे ठेवलेली असतात आणि बरीचशी माणसं मजूर अड्ड्यावर, मंडईत, नाहीतर लग्नाच्या हॉलवर भांडी घासायला निघून गेलेली असतात. संध्याकाळी तुम्हाला दिसतात ती कामावरून परतलेली.

मग घर का नाही, हे एका हिशेबाने समजेल. एक नाका कामगार धरा. मजुरी दिवसाला सातशे, महिन्यात काम मिळतं सोळा दिवस, म्हणजे हातात ११,२०० रुपये. शहराच्या कडेला दहा बाय दहाची खोली, भाडं पाच हजार, अनामत वीस हजार. गाडा ओढत-ओढत चाललेला असतो. एक दिवस परांचीवरून पाय घसरतो आणि नडगी मोडते. सहा आठवडे प्लास्टर, पुढे महिनाभर ओझं उचलायचं नाही. अडीच महिने कमाई शून्य. घरमालक वाईट नसतो. तो म्हणतो, भाडं अनामतीतून वळतं करून घेऊ. दोघांनाही ते सोयीचं वाटतं. चौथ्या महिन्यात अनामत संपते आणि खोली सोडावी लागते.

आता पाय बरा झालेला आहे, काम पुन्हा सुरू आहे. पण नवी खोली घ्यायची तर अनामत वीस हजार, पहिल्या महिन्याचं भाडं पाच हजार आणि एजंटचं एक भाडं पाच हजार, असे तीस हजार एकरकमी लागतात. दरमहा पाच हजार देण्याची ऐपत त्याच्यात आजही आहे. एकरकमी तीस हजारांची नाही. खोली जाते ती इथे.

त्यानंतर चार दिवस मेव्हण्याकडे, आठ दिवस गाववाल्याकडे, मग बांधकामाच्या साइटवर वॉचमनच्या ओळखीने. साइट संपली की फुटपाथ. तिथे पोचेपर्यंत सहा-आठ महिने गेलेले असतात आणि तोवर तो माणूस कुणाच्याच नजरेला बेघर दिसत नाही. मदत करायची असेल तर ती याच काळात स्वस्तात होते. फुटपाथवर दोन वर्षं काढलेल्या माणसाला परत खोलीत आणायला त्याच्या कितीतरी पट कष्ट पडतात.

कारण रस्ता फुकट नसतो. संडासाला पैसे, आंघोळीला पैसे, मोबाइल चार्ज करायला पैसे, तिन्ही त्रिकाळ विकतचं अन्न. चूल नाही म्हणजे पाच रुपयांच्या पोह्यांना वीस रुपये पडतात. दुकानांची शटर पडल्याशिवाय, म्हणजे रात्री अकराच्या आत पाठ टेकता येत नाही आणि पहाटे झाडूवाला आला की उठावं लागतं. झोपेत खिसा कापला जातो, म्हणून माणसं चपला उशाखाली आणि पैसे चड्डीच्या आतल्या खिशात ठेवून झोपतात. असं सलग काही महिने झालं की अंगदुखी, खोकला आणि मग दारू. दारूने घर गेलेली माणसंही आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण घर गेल्यावर दारू लागलेली आम्हाला जास्त भेटतात, आणि बघणाऱ्याला शेवटची अवस्थाच दिसत असल्याने तो तिलाच कारण समजतो.

गावी का जात नाहीत, हा पुढचा प्रश्न असतो. जमीन कर्जात गेलेली असते किंवा भावांत वाटून इतकी उरलेली असते की तिच्यावर एकाचंही पोट भरत नाही. शिवाय काम इथे आहे. शहराबाहेर स्वस्त खोली मिळाली तरी सकाळी आठच्या आत नाक्यावर पोचलं नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री रस्त्याकडेला, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या ओवरीत, मोठ्या पाइपांत झोपलेल्यांची मोजणी झाली. देशात १७ लाख ७३ हजार माणसं भरली. त्याआधीच्या दहा वर्षांत खेड्यांतला आकडा खाली आला होता, शहरांतला मात्र ७ लाख ७९ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेला होता. दुष्काळ आणि कर्ज माणसाला गावातून उठवतात. शहरातलं भाडं आणि अनामत त्याला फुटपाथवर ठेवतात.

करता येण्यासारखं : तुमच्या ओळखीचा बांधकाम मजूर असेल तर त्याची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी झाली आहे का, ते विचारा. वय १८ ते ६० आणि आधीच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार दाखला देत नाही म्हणून बहुतेकांचं अडतं; ग्रामसेवक किंवा महापालिकेच्या ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याचाही चालतो. नोंदणी अपघाताआधी झालेली हवी. आणि कुणाला पैशाने मदत करणार असाल तर ती अनामतीसाठी करा, भाडेकरार त्या माणसाच्या नावाने करून रक्कम थेट घरमालकाला द्या.

प्रश्न : माझं वय ६८. यजमान गेल्यावर २०१९ मध्ये मुलाच्या आग्रहावरून राहता फ्लॅट त्याच्या नावे बक्षीसपत्राने करून दिला. आता ‘ताईकडे राहायला जा’ असं रोज ऐकवलं जातं. स्वयंपाकघराला कुलूप असतं. वकील म्हणतात, सही केली आता काही होत नाही. खरं आहे का? (सातारा)

उत्तर : ताई, तेवढ्यावर हातपाय गाळू नका. आणि मुख्य म्हणजे घर सोडून जाऊ नका. ‘थोडे दिवस लेकीकडे राहून येते’ म्हणून बाहेर पडलेल्या किती तरी आयांना परत आल्यावर दाराचं कुलूप बदललेलं आढळतं, आणि मग आत शिरण्यासाठी वेगळा लढा द्यावा लागतो.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मधलं कलम २३ तुमच्यासारख्यांसाठीच आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं मानून न्यायाधिकरण रद्द करू शकतं. हे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात असतं. अर्ज साध्या कागदावर, स्वतः करता येतो.

अडचण ‘अटीवर’ या शब्दात आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सांगितलं की अशी अट होती हे सिद्ध व्हायला हवं. नुसतं प्रेमापोटी दिलं असेल तर कलम २३ लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने जास्त उदार भूमिका घेतली. तिथे आईने मुलाला बक्षीसपत्र दिलं होतं आणि सांभाळाचं वचन मुलाने वेगळ्या वचनपत्रात दिलं होतं. न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला, आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देववू शकतं, हेही स्पष्ट केलं.

म्हणून पहिलं काम : दुय्यम निबंधक कार्यालयातून बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत काढा आणि कुणा जाणत्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. ‘आमचा सांभाळ करीत आहे व पुढेही करील’ असं वाक्य बऱ्याचदा लिहिणाऱ्याने सवयीने घातलेलं असतं. तेच उपयोगी पडतं. ते नसेल तर त्या सुमाराचं दुसरं काही शोधा : मुलाने सोसायटीला लिहिलेलं पत्र, मोबाइलवरचे संदेश, नातेवाइकांसमोर केलेलं टिपण. काहीच नसेल, तरी फसवून किंवा दबावाखाली सही घेतली या कारणावरून दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून मागता येतो. त्याला मुदत तीन वर्षांची आहे आणि ती तुम्हाला खरा प्रकार कळला तेव्हापासून मोजतात. वकिलांना हाच प्रश्न नेमका विचारा.

दस्त रद्द होवो न होवो, त्याच न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. सध्याच्या कायद्यात तो महिन्याला कमाल १०,००० रुपये आहे आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. आदेश विरोधात गेला तर ६० दिवसांत जिल्हाधिकारी पातळीवर अपील होतं. शिवाय एकाच घरात राहणारी आई मुलाविरुद्ध कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही दाद मागू शकते. स्वयंपाकघराला कुलूप लावणं हा त्या कायद्यात छळच आहे, म्हणून त्या कुलपाचा तारखेसह फोटो काढून ठेवा. ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७ आहे.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा नातवंडाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र, २०० रुपये आहे, त्यामुळे सही करणं फार सोपं झालं आहे. घाई करू नका. मृत्युपत्र करा, ते दोन साक्षीदारांसमोर होतं, नोंदणी सक्तीची नाही आणि हयातीत केव्हाही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर त्यात असं वाक्य घालून घ्या : ‘मी हयात असेपर्यंत या सदनिकेत राहण्याचा माझा हक्क अबाधित राहील. लिहून घेणार यांनी माझं अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांची जबाबदारी घेतली आहे. ती पार न पाडल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील.’ मुलाला या वाक्याचा राग येत असेल तर सही करण्याआधी तो कळलेला बरा.

प्रश्न : अकरा महिन्यांचा करार होता, तोही नोंदणी न केलेला. दोन महिन्यांचं भाडं थकलं. कामावरून आलो तर मालकाने कुलूप बदललेलं, सामान आत. बायको-मुलगी सध्या शेजाऱ्यांकडे आहेत. पोलीस म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. (डोंबिवली)

उत्तर : भाडं थकलं असलं तरी मालकाला स्वतःच्या हाताने कुलूप बदलता येत नाही. मुदत संपलेल्या परवानाधारकाला (तुमच्यासारख्या अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला) काढायचं असेल तर त्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, विशिष्ट दिलासा कायद्याचं कलम ६. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा घालवला तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात दावा लावून ताबा परत मागता येतो. यात मालकी कोणाची हे बघतच नाहीत, तुमचा ताबा होता की नाही एवढंच बघतात. सहा महिने उलटले की हा रस्ता बंद. दोन, त्याच भाडे कायद्याचं कलम ५५. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकाची.

आज रात्री काय करायचं : ११२ वर फोन करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. पोलीस ठाण्यात ‘सामान आत अडकवून ठेवलं आहे’ असं लिहून द्या. मुलीची पुस्तकं, औषधं, गॅसचं कार्ड अशी यादी जोडा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलं की दिवाणी बाब होते, लेखी यादी दिली की निदान सामान काढून देण्यापुरते हवालदार सोबत येतात. तिथे राहत होता याचे पुरावे जमवा : भाडं ऑनलाइन भरल्याच्या नोंदी, घरपोच पार्सलचा पत्ता, पोलिसांकडे दिलेला भाडेकरू माहितीचा अर्ज, सोसायटीच्या रजिस्टरमधलं नाव. थकलेलं भाडं मात्र द्यायचंच आहे, आणि ते देण्याची तयारी पहिल्या पत्रातच लिहा. न्यायाधीश ते बघतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही तुम्ही बसून राहिलात, तर दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई लागू शकते. तेव्हा मुदतीच्या दोन महिने आधी हालचाल करा.

प्रश्न : नवऱ्याने रात्री मारून घराबाहेर काढलं. घर सासूबाईंच्या नावावर आहे, म्हणून माझा हक्क नाही असं सगळे सांगतात. नऊ वर्षांचा मुलगा आहे. (नांदेड)

उत्तर : हक्क आहे. मालकीचा नाही, राहण्याचा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १७ हा हक्क देतं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही, तुम्ही तिथे संसार करून राहिला असाल तर, ‘सामाईक घर’ ठरतं. कलम १९ खाली दंडाधिकारी तुम्हाला घरात राहू देण्याचा, किंवा दुसऱ्या घराचं भाडं नवऱ्याने देण्याचा आदेश करू शकतात. वृद्ध सासूबाईंचीही बाजू असते, त्यामुळे पुष्कळदा दुसऱ्या घराचं भाडं हाच तोडगा निघतो. अर्जात दोन्ही मागा. तातडीचा अंतरिम आदेशही मागा, नाहीतर तारखा पडत राहतात.

अर्ज लिहायला वकील हवाच असं नाही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात, पैसे लागत नाहीत. मार लागल्याचं सरकारी दवाखान्यात लगेच नोंदवून घ्या. मुक्कामासाठी १८१ या महिला मदतवाहिनीवर फोन करा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येतं, पुढे शक्ती सदन या सरकारी महिला निवासात. मुलगा सोबत चालेल का, हे निघण्याआधी फोनवरच विचारा. ठरावीक वयापुढच्या मुलांना काही ठिकाणी घेत नाहीत, आणि मुलाला सोडायचं नाही म्हणून स्टँडवर रात्र काढणाऱ्या बायका आम्ही बघितल्या आहेत.

प्रश्न : आमची झोपडी एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) योजनेत गेली. बिल्डरने पहिली दोन वर्षं भाडं दिलं, आता चौदा महिने बंद. इमारत जोत्याच्या वर आलेली नाही. (भांडुप)

उत्तर : घर मिळणार म्हणून घर रिकामं केलं आणि त्यातूनच रस्त्यावर आले, अशी कुटुंबं मुंबईत कमी नाहीत. याचसाठी २०२३ पासून प्राधिकरणाने विकासकांना दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायला आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश द्यायला लावलं. तुमची योजना त्याआधीची असेल तर पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

एकेकट्याने जाऊ नका. परिशिष्ट-२ (योजनेतल्या पात्र झोपडीधारकांची यादी) मधले सगळे रहिवासी मिळून तक्ता करा : परिशिष्टातला अनुक्रमांक, झोपडी रिकामी केल्याची तारीख, शेवटचं भाडं कधी आलं, थकबाकी किती. वैयक्तिक करारनाम्याची आणि परत आलेल्या धनादेशाची प्रत जोडा. वांद्रे पूर्वेच्या एसआरए कार्यालयात तो दाखल करून आवक क्रमांक घ्या. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून, झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली विकासक बदलण्याची मागणीही करता येते. पण नवा विकासक आला की मागची थकबाकी कोण देणार, हे ठरावातच लिहून घ्या. सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. आणि परिशिष्टात नाव असलेली व्यक्ती वारली असेल तर वारसाची नोंद आत्ताच करा. घराची सोडत निघाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

प्रश्न : भर पावसात झोपडी पाडता येते का? (मालवणी, मुंबई)

उत्तर : १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहत्या झोपड्या पाडू नयेत असा राज्य सरकारचा आदेश आहे. न्यायालयाचा थेट हुकूम असेल तर गोष्ट वेगळी. नोटीस आली की तिची तारीख आणि खालची सही आधी बघा. पदपथावरच्या वस्तीला मात्र कायद्याचं संरक्षण तोकडं आहे. १९८५ च्या ऑल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, तरी पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. नोटीस देऊन, म्हणणं ऐकून मगच काढा, एवढं बंधन घातलं. झोपडीधारकाचा खरा आधार म्हणजे जुना पुरावा. १ जानेवारी २००० पूर्वीचा असेल तर पुनर्वसन मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर अडीच लाख रुपये भरून. तेव्हाच्या मतदार यादीचं पान सांभाळा, आणि त्याचा फोटो गावाकडच्या कुणाच्या तरी फोनमध्येही ठेवा.

प्रश्न : आमच्या शहरात निवारागृह आहे. खाटा रिकाम्या असतात, तरी लोक बाहेर झोपतात. का? (नाशिक)

उत्तर : आधी नियम काय तो बघू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा निवारा हवा, तोही बारा महिने चोवीस तास. पुढे नागरी उपजीविका अभियानात दर माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा ठरली. २०११ च्या लोकसंख्येवर नुसत्या मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात.

निवारा असूनही माणसं का जात नाहीत, तर तो कामापासून लांब असतो. नवरा पुरुषांच्या दालनात, बायको दुसऱ्या इमारतीत आणि वयात आलेली मुलगी कुठे, याचं उत्तर नसतं. हातगाडी, फुग्यांचा पंप, भंगाराची गोणी आत घेऊ देत नाहीत, आणि ती तर त्यांची रोजीरोटी. रात्री दहाला दार बंद होतं, केटरिंगवाला मजूर सुटतो बाराला. ढेकूण हे कारण ऐकायला क्षुल्लक वाटतं. दोन रात्री काढल्यावर वाटत नाही. दारात आधार कार्ड मागतात, ते तर महापालिकेच्या गाडीने बोचकं उचललं तेव्हाच गेलेलं असतं.

आणखी एक कारण भीतीचं. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा लागू आहे. उदरनिर्वाहाचं दिसण्यासारखं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणं, एवढंही त्याच्या व्याख्येत बसू शकतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, आपल्याकडे ती आहेत. सरकारी गाडी आली की कष्टकरी माणूससुद्धा पळतो, कारण ती निवाऱ्याची आहे की भिक्षेकरीगृहाची हे त्याला कळत नाही.

तुमच्या निवारागृहात कुटुंबासाठी एक खोली, सामानाला कुलूपबंद कपाट आणि रात्री उशिरा येणाऱ्यासाठी उघडणारं दार, एवढं झालं तरी खाटा भरतील. खर्च फार नाही. नगरसेवकांकडे आणि पालिकेच्या अभियान कक्षाकडे हीच मागणी नेमकी लिहून द्या.

कागदांचं काम निवाऱ्यातूनच सोपं होतं. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाने आधारच्या ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला पत्त्यासाठी चालतो. तो तीन महिन्यांत वापरावा लागतो. आधार क्रमांकच आठवत नसेल तर केंद्रावर बोटांच्या ठशांवरून शोधता येतो. सिमेंटमध्ये काम करून ठसे झिजलेले असतात, तेव्हा डोळ्यांचं स्कॅन करायला सांगा, ऑपरेटर आपणहून करत नाही. मतदार नोंदणीला बेघर माणसाकडून पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. अर्ज क्रमांक ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री एकापेक्षा जास्त वेळा येऊन खात्री करतो. त्या दिवसांत माणूस तिथेच सापडायला हवा, एवढं त्याला बजावून सांगा.

प्रश्न : एसटी स्टँडजवळ एक गृहस्थ महिनाभर बसलेले असतात. केस वाढलेले, पायाला जखम, स्वतःशी बोलतात, भाषा कळत नाही. कुणाला सांगायचं? (कोल्हापूर)

उत्तर : पोलिसांना, आणि कायद्याचं नाव घेऊन. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षणात घेणं ही पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही आणि हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे. पुढे लागलं तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. पायाची जखम हे आत नेण्याचं चांगलं निमित्त ठरतं, कारण तिच्यावर इलाज व्हावा असं त्यांनाही वाटत असतं.

जवळ जाताना एकट्याने, दिवसा जा. समोर उभं राहून प्रश्न विचारू नका, थोडं अंतर ठेवून बाजूला बसा. पाण्याची सीलबंद बाटली द्या. उघडं अन्न संशयाने नाकारलं जातं. अंगाला हात लावू नका, बोचकं हलवू नका. भाषा ओळखण्यासाठी फोनवर वेगवेगळ्या भाषांतली गाणी किंवा बातम्या हळू आवाजात लावून बघा. कुठल्या तरी एका भाषेला चेहरा वळतो. गावाचं, शाळेचं, नदीचं नाव आलं तर जसंच्या तसं लिहून ठेवा, त्यावरून पोलीस ठाणं सापडतं.

ही माणसं घरच्यांनी हाकललेलीच असतात असं नाही. पुष्कळदा आजाराच्या भरात गाडीत बसून हजार-दीड हजार किलोमीटर दूर आलेली असतात आणि तिकडे घरचे शोधत असतात. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात अशांवर उपचार करून त्यांना घरी पोचवतात. त्याच कामासाठी डॉ. भरत वटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोचल्यावर गोळ्या थांबल्या की माणूस पुन्हा बाहेर पडतो. म्हणून घरच्यांना तिथल्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती द्यायला विसरू नका. गोळ्या तिथे मोफत मिळतात. सल्ल्यासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : परळला कॅन्सरच्या रुग्णालयाबाहेर फुटपाथवर कुटुंबंच्या कुटुंबं राहतात. तीही बेघरच का? आमच्या वहिनींना उपचारासाठी तिकडे न्यायचं आहे. (जळगाव)

उत्तर : गावी घर असतं, इथे नसतं. केमोथेरपीच्या फेऱ्यांमध्ये दोन-तीन आठवड्यांचं अंतर असतं, दर वेळी जाऊन-येऊन करायला ताकद आणि पैसे दोन्ही नसतात, आणि लॉजचं भाडं परवडत नाही. उपचार लांबले की गावचं घरही गहाण पडतं.

तुम्ही निघण्याआधीच सोय लावा. नोंदणी झाली की पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा आणि राहण्याच्या सोयीसाठी शिफारसपत्र मागा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि रुग्णांसाठीच्या इतर जागा बहुधा हे पत्र बघूनच घेतात, आणि यादी लांब असल्याने नाव लवकर लागलेलं बरं. सोबत रुग्णाचं आणि तुमचं आधार, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि फोटो ठेवा. दाखला जळगावातूनच काढून न्या; तो राहिला तर त्यासाठी एक माणूस परत पाठवावा लागतो. वहिनींच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिवसांत त्यांना गर्दीच्या दालनात न ठेवता वेगळी खोली मिळेल का, हे नाव लावतानाच विचारून घ्या.